मालू नावाचा मुलगा

मालूताई परचुरे यांच्याविषयी लिहिताना काही गोष्टी आरंभीच नोंदवून ठेवणे मला भाग आहे. त्या स्त्री होत्या. वृद्ध होत्या. मराठी होत्या. टांझानियातील एखाद्या खेड्यात राहून चित्रे विकणारा आणि त्यावर धाकट्या भावंडांना शाळेत घालणारा गरीब मुलगा त्या नव्हत्या. यांपैकी एकही विधान वादग्रस्त ठरावे असे नाही. तरीही बॉनमधील एका धर्मादाय संस्थेच्या लेखी मालू हा मुलगाच होता. या संस्थेला मी इतकी पत्रे लिहिली, की आमच्या भागातील पोस्टातली बाई मला पाहताच तिकिटांचा खण उघडत असे. संस्थेकडून लेखी उत्तर मात्र एकाही पत्राचे आले नाही.

मी काही वर्षे सांगलीला वकिली केली आणि उरलेले आयुष्य येथे बॉनला न्यायालयीन कागदपत्रांची भाषांतरे करण्यात घालवले. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसला की माणसाचे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून या प्रकरणात माझा आवाज चढला तर वाचकांनी तो समजून घ्यावा. मालूताईंचा आवाज कधीच चढला नाही.

त्यांची ओळख झाली ती येथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. मखरामागचा पडदा रंगवण्याचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते. सभागृहात पडदा उलगडला गेला. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर निळे हत्ती, अंगभर पांढरे ठिपके, शेपट्या वेलीसारख्या वळत वळत थेट कोपऱ्यापर्यंत गेलेल्या, आणि हत्तींच्या पायांमधून ठिपक्याठिपक्यांच्या रानकोंबड्या माना वर करून चाललेल्या. मंडळाचा अध्यक्ष पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, स्वभावाने गोड मुलगा. तो दोनदा घसा खाकरून म्हणाला,

"काकू, सुंदरच आहे हो. पण जरा... आफ्रिकन वाटतंय ना?"

"हत्ती आहे रे तो. कुठला वाटायला हवा होता? नारायण पेठेतला?"

"तसं नाही काकू, पण बाप्पाच्या मागे म्हणजे..."

"गणपतीला शूर्पकर्ण म्हणता ना तुम्ही? सुपाएवढे कान?"

"हो."

"मग सुपाएवढे कान आफ्रिकेच्या हत्तीचे असतात. आपल्याकडच्या हत्तीचे असतात वाटीएवढे. आता मला सांग, तुमचा बाप्पा कुठला?"

पडदा लागला. पाचही दिवस आरतीच्या वेळी मुले मूर्तीपेक्षा त्या कोंबड्यांकडेच जास्त पाहत होती.

मालूताईंचा जन्म दारेसलामचा. त्यांचे वडील, अण्णा, तेथे शाळामास्तर होते. घरात मराठी आणि रस्त्यावर स्वाहिली, अशा दोन भाषांत त्या वाढल्या, आणि पुढे लग्न होऊन पुण्यात आल्या तरी या दोन भाषा त्यांच्या बोलण्यात कधी वेगळ्या झाल्या नाहीत. पातेल्याला त्या 'सुफुरिया' म्हणत, सुरीला 'किसू'. पती गेल्यावर त्या मुलीकडे, अमृताकडे, बॉनला आल्या. अमृताच्या मुलाला आजीने "तो किसू दे रे" म्हटले की तो तिला जर्मनमध्ये विचारी, "ओमा, हे मराठी आहे का?" आणि त्या निर्धास्तपणे "हो" म्हणून मोकळ्या होत.

चित्रकला त्या शिकल्या त्या कोणत्याही विद्यालयात नव्हे. दारेसलामला रस्त्याकडेच्या झाडाखाली चित्रकार ओळीने बसत. हार्डबोर्डचे तुकडे, सायकलींना लावतात तो चकचकीत एनॅमल रंग, आणि बिबटे, जिराफ, पक्षी, मासे. टिंगाटिंगा म्हणून ही शैली आता जगभर ओळखली जाते. छाया नाही, खोली नाही. सपाट, लखलखीत रंग आणि प्राण्यांचे मोठाले डोळे. मास्तरांची मुलगी तेथे जाऊन बसू लागली, तेव्हा आधी हसू झाले आणि मग सवय झाली. ओमारी नावाच्या एका कारागिराने तिच्या हाती कुंचला दिला. त्याला सगळे 'फुंडी' म्हणत. फुंडी म्हणजे उस्ताद. सहीसुद्धा त्यानेच ठरवून दिली. 'मालती' लिहायला गेले तर बिबट्याच्या शेपटीला जागा उरत नाही, म्हणून रोमन लिपीत चार अक्षरे: मालू.

बॉनमध्ये त्या थंडीतही बाल्कनीत बसून रंगवत. अंगात कोट, डोक्याला मफलर, गुडघ्यांवर फळी. एनॅमलचा उग्र वास वरच्या मजल्यापर्यंत जाई आणि घरव्यवस्थापनाची तंबी येई. रंग आणायला एकदा मी त्यांच्याबरोबर बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या सामानाच्या त्या अवाढव्य दुकानात, गेलो होतो. विक्रेत्याने विचारले, "कशाला लावायचाय? कुंपणाला की रेडिएटरला?"

"बिबट्याला," मालूताई जर्मनमध्ये म्हणाल्या.

तो गृहस्थ न हसता म्हणाला, "घरात असतो की बाहेर? बाहेर असेल तर गंजरोधक घ्या."

त्या दिवसापासून त्यांचे जर्मन लोकांविषयीचे मत फार चांगले झाले. "विनोद करतात, पण सांगत नाहीत," असे त्या म्हणत.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

दारेसलामपासून आत, एका गावात प्रसूतिगृह उभारण्यासाठी येथील एक संस्था चित्रांची विक्री भरवी. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. तो सल्ला मीच मला दिलेला आहे. अमृताला हे कळले आणि आईची बाल्कनीत साठलेली चित्रे तिने खोक्यात घालून संस्थेच्या दारात नेऊन ठेवली. मालूताईंची याला आनंदाने संमती होती. मोबदला त्यांना नको होता. एकच इच्छा होती, की चित्रे भिंतीवर टांगली जावीत आणि त्यांच्यापुढे अनोळखी माणसे उभी राहिलेली आपण एकदा पाहावीत.

विक्री एका चर्चच्या सभागृहात होती. कॉफी, केक, भिंतीभर चित्रे. मालूताई निळी इरकल नेसून आल्या होत्या. त्यांची सगळी चित्रे एका भिंतीवर, चांगल्या उजेडात लावली होती आणि प्रत्येकाखाली एक छापील पाटी होती. जर्मन त्या उतारवयात शिकलेल्या. बोट ठेवून त्या एकेक शब्द वाचू लागल्या.

"वकीलसाहेब, 'वाइझं' म्हणजे पोरका ना हो?"

"हो. का?"

"मी पोरकी झाले आहे. म्हणजे झालो आहे. वाचा."

मी वाचले. मालू हा टांझानियातील एका खेड्यातला मुलगा. लहानपणीच आईवडील गमावलेला. शब्द न सापडलेल्या दुःखाला त्याने रंग दिले. आपल्या देणगीमुळे त्याची धाकटी भावंडे शाळेत जातील. खाली ठळक अक्षरांत 'गेगेन श्पेंडे', म्हणजे देणगीच्या बदल्यात.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंचे डोळे भरून आले होते. त्या मालूताईंकडे वळून म्हणाल्या, "बिचारा मुलगा. पण किती आनंदी रंग वापरतो बघा!"

"हो ना," मालूताई म्हणाल्या. "बिचारा."

बाईंनी ते चित्र घेतले. मालूताई हसल्या, आणि त्या दिवशी परतताना ट्राममध्येही अर्ध्या वाटेपर्यंत हसतच होत्या. "भावंडं शाळेत जातील म्हणे! माझा धाकटा भाऊ लेस्टरला दातांचा डॉक्टर आहे. त्याला कळवायला हवं, दप्तर भर म्हणून." मग त्या खिडकीकडे वळल्या. उतरायच्या थोडे आधी हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण ती बाई माझ्या चित्राकडे बघत नव्हती हो. त्या मुलाकडे बघत होती."

माझा संताप त्या क्षणापासून सुरू झाला तो आजतागायत उतरलेला नाही. जर्मनीच्या स्वामित्वहक्क कायद्यातील तेरावे कलम अत्यंत सुबोध आहे. कलाकृतीवर आपले कर्तृत्व मान्य करून घेण्याचा हक्क कर्त्याचा आहे, आणि कोणते नाव लावायचे ते ठरवण्याचाही. त्यातही जिच्या बदल्यात वस्तू हाती पडते तिला देणगी म्हणता येत नाही; ती खरेदी असते. म्हणजे त्या पाटीवर चित्रकारही खोटा होता आणि व्यवहारही खोटा होता. मी त्याच रात्री पत्राचा मसुदा केला आणि दुसऱ्या दिवशी मालूताईंना वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"छान आहे. कडक आहे. पण पाठवू नका."

"का? नाव तुमचं आहे. तुमचा हक्क आहे."

"तुमच्या पत्रानं नाव लागेल, वकीलसाहेब. पण ते घाबरून लागेल. मला ते बघणाऱ्यानं द्यायला हवंय. चित्र बघून कुणीतरी म्हणायला हवं, हे कुणी काढलं, आणि उत्तर ऐकून चित्राजवळून हलायला नको. एवढंच."

मी मसुदा ठेवून दिला. पुढे आमचा संयम संपल्यावर जी पत्रे गेली ती वेगळी.

आम्ही संस्थेच्या प्रमुख बाईंना, फ्राऊ लिंडेमान यांना, भेटायला गेलो. अमृताही आली होती, आणि तिला हे सगळे नकोसे होत होते. फ्राऊ लिंडेमान वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर मला सोपे गेले असते. त्यांनी आम्हाला कॉफी दिली, मालूताईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मनापासून माफी मागितली. झाले असे, की खोक्यावर फक्त 'टांझानिया' आणि चित्रांवर फक्त 'मालू' होते. पाट्या करणाऱ्या स्वयंसेविकेला वाटले, की नाव मुलाचे असावे. बाकीचे तिने चांगल्या हेतूने भरले.

"बरं, आपण दुरुस्त करू," त्या म्हणाल्या. "काय लिहू या?"

"मालती परचुरे. जन्म दारेसलाम. राहणार बॉन," मालूताई म्हणाल्या. "आणि खाली, शिष्या, फुंडी ओमारी."

फ्राऊ लिंडेमान यांनी कप खाली ठेवला. मग अतिशय मृदू आवाजात त्यांनी विचारले, "फ्राऊ परचुरे, मी स्पष्ट बोलू का? लोक आफ्रिकेला मदत करायला येतात. बॉनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय बाईंचं आफ्रिकन चित्र... ते विचारतील, हे अस्सल आहे का? आणि मग काही घेणार नाहीत. नुकसान तुमचं नाही, प्रसूतिगृहाचं होईल."

"म्हणजे बायकांच्या बाळंतपणासाठी बाईनं पोरगा व्हायचं," मालूताई मला मराठीत म्हणाल्या.

"आई, प्लीज. चॅरिटी आहे ती," अमृता पुटपुटली. "तू कुठे पैसे मागतेयस?"

"पैसे मागितले असते तर बरं झालं असतं गं. यांना ते कळलं असतं."

अखेर तडजोड झाली. पाटीवर फक्त 'मालू, टांझानिया' राहील. पोरकेपण आणि भावंडे जातील. मालूताईंनी मान हलवली. पुढच्या विक्रीला आम्ही गेलो तर भिंतीवर तीच जुनी पाटी, त्याच पोरक्या मुलासह. कारण विचारले. जुन्या पाट्या छापून झालेल्या होत्या आणि अजून शिल्लक होत्या! कागद वाया जाऊ नये म्हणून एका जिवंत स्त्रीचे आयुष्य वाया घालवण्याचा हा निर्णय नेमका कोणी घेतला, हे मी आजवर प्रत्येक पत्रात विचारत आलो आहे.

येथे मला मालूताईंची आणखी एक बाजू लिहिली पाहिजे, कारण ती लपवली तर हे निवेदन एकतर्फी होईल. एका दुपारी मी त्या संस्थेला लबाड म्हणालो. त्या कुंचला पुसत होत्या.

"लबाड आहेतच. पण एक सांगू? त्या पाटीवरचा मुलगा खोटा आहे. त्याची जागा खोटी नाही."

"म्हणजे?"

"आमच्याकडे अण्णा मास्तर असले तरी घरात पाणी भरायला माणूस होता. ओमारीचा भाऊ. मागच्या दारानं यायचा. मी पुढच्या दारानं बाहेर पडून त्याच्या भावाशेजारी झाडाखाली बसायची. संध्याकाळी उठून घरी जायची. ओमारीची चित्रं पर्यटक घेऊन जायचे. त्याच्या नावाची पाटी कुठे लागली असेल असं मला नाही वाटत. मग मी माझ्या नावासाठी भांडते, तेव्हा कुणाच्या जागेवर उभी राहून भांडते? याला कुठलं कलम आहे?"

नाही. याला कलम नाही. मी तसे सांगितले. त्यांनी कुंचला रॉकेलच्या वाटीत टाकला आणि म्हणाल्या, "पण म्हणून मी मुलगाही होत नाही ना. आधी मी मी तरी असायला हवं. नाहीतर ओमारीचं नाव सांगणार कोण?"

त्यानंतरचे काही आठवडे त्यांनी मला घरी येऊ दिले नाही. फोनवर विचारले तर म्हणत, "वाळतंय." एनॅमल वाळायला वेळ लागतो हे खरे, पण मला त्यांच्या प्रकृतीची काळजी होती. त्या खोकत होत्या. वास छातीला बरा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि त्यांनी डॉक्टरांना बाल्कनीचे दार दाखवून "उघडंच असतं" असे उत्तर दिले होते.

नाताळाआधीच्या विक्रीला त्या एकच चित्र घेऊन आल्या. दाराइतके रुंद. त्यांनी ते कोणाला लावू दिले नाही; अमृताकडून आणि माझ्याकडून लावून घेतले. मग आच्छादन काढले.

लालभडक पार्श्वभूमी. तीवर आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली एक जाड, हिरवी फांदी. त्या फांदीवर रानकोंबड्या आणि बगळे बसलेले. फांदीला खाली लोंबकळणारे बिबटे, जिराफांच्या वळलेल्या माना, माशांचे बाक. एक पाऊल मागे गेलो आणि दिसले. फांदी ही शिरोरेषा होती. लोंबकळणारे प्राणी ही अक्षरे होती. 'मालती परचुरे.' रुंद, ठसठशीत, देवनागरी. 'परचुरे'तल्या 'च'च्या पोटात मगर निजलेली होती आणि 'मालती'च्या वेलांटीवरून माकड घसरत होते. खाली कोपऱ्यात, जेथे एरवी सही असते तेथे, बारीक अक्षरांत 'ओमारी' लिहिले होते.

"आता काढू दे त्यांना नाव," मालूताई म्हणाल्या. "नाव काढलं तर चित्रच राहणार नाही."

पाटी घेऊन आलेल्या स्वयंसेविकेच्या हातून त्यांनी ती शांतपणे घेतली आणि पर्समध्ये ठेवली. मग त्या चित्राशेजारच्या खुर्चीवर बसल्या. लोक येत, थबकत, पुढे जात. बऱ्याच वेळाने एक उंच गृहस्थ आले. अंगात झगझगीत पिवळे जाकीट, हातात मोटारीची किल्ली. ते चित्रापुढे उभे राहिले आणि हलले नाहीत. मालूताईंनी माझ्या कोटाची बाही घट्ट धरली.

अखेर ते फ्राऊ लिंडेमान यांना म्हणाले, "अप्रतिम! काय ही आफ्रिकन नक्षी! ही अशी वेलबुट्टी तिथे परंपरेनं काढतात का?"

फ्राऊ लिंडेमान यांनी आमच्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर.

मी उठलो. माझ्या ओठांवर तेरावे कलम होते. मालूताईंनी बाही सोडली नाही. देणगीच्या पेटीत नोटा पडल्या, चित्र भिंतीवरून उतरले, आणि ते गृहस्थ ते काखेत मारून आनंदाने दाराकडे निघाले. चित्र उलटे धरले होते. फांदी खाली, अक्षरे डोक्यावर, पक्षी सगळे पाय वर करून.

"उलटं," मालूताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "अहो, उलटं नेतायत."

आणि त्या उठल्या. कोट न घालता, खोकत, त्या सभागृह ओलांडून गेल्या. आम्ही मागे धावलो, पण दारात केक घेऊन येणाऱ्या बायकांची गर्दी होती. काचेतून दिसले ते एवढेच. बाहेर मोटारींच्या तळावर बारीक बर्फ भुरभुरत होते. मालूताईंनी त्या गृहस्थांच्या हातातून चित्र काढून घेतले, सुलटे केले, मोटारीला टेकवून उभे केले. त्यांच्याशी काहीतरी बोलल्या. त्यांनी चकित होऊन आधी चित्राकडे आणि मग या लहानशा, साडीतल्या बाईंकडे पाहिले. तेव्हा मालूताईंनी त्यांचा हात धरला आणि तर्जनी पहिल्या अक्षरावर ठेवली. ऐकू काहीच येत नव्हते. मालूताईंचे ओठ उघडले, मिटले; मग त्या गृहस्थांचे उघडले. मा. बोट फांदीखालून पुढे सरकले. ल.

तिसऱ्या अक्षरावर मालूताईंना खोकल्याची उबळ आली आणि त्या मोटारीला धरून वाकल्या. गृहस्थांनी अंगातले पिवळे जाकीट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकले. ते चित्र मोटारीत ठेवू लागले तेव्हा मालूताईंनी हात वर करून थांबवले, आणि एका हाताने छाती दाबून दुसऱ्या हाताने पुन्हा त्यांचे बोट धरले. त्या दिवसानंतर त्या विक्रीला आल्या नाहीत; फेब्रुवारीत त्या वारल्या. ते गृहस्थ कोण, कुठले, मला ठाऊक नाही. त्यांनी चित्र घरी कोणत्या बाजूने टांगले तेही नाही. पण मी दारातून बाहेर पडलो तेव्हा ते बर्फात नुसत्या सदऱ्यावर उभे होते, आणि बोट अजून 'ती'वर होते.